लांब नळीचे यंत्र

उस्ताद,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की तुमचा आवाज मी एव्हाना विसरायला हवा होता. तसे झालेले नाही. परवा माझ्या नातवाने त्याच्या ट्रकसाठी हवा भरण्याचे नवे यंत्र आणले. जेवणाच्या डब्याएवढे आहे आणि बॅटरीवर चालते. तो चाकासमोर उकिडवा बसला, हवेचा फुत्कार सुरू झाला आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणाले, "बाजूले सर." मी वळून पाहिले. अंगणात आम्हा दोघांशिवाय कोणीही नव्हते. मी नातवाचा दंड धरून त्याला ओढले. तो हसला. "बाबा, आते चाकले ती रिंग ऱ्हास नही." त्याचे म्हणणे खरे असेल. तरीही चाक भरेपर्यंत मी त्याचा दंड सोडला नाही.

तेव्हा तुम्ही मालकांचा ट्रक चालवत होता, मी तुमचा क्लीनर होतो आणि तापीवर पूल नव्हता. पावसाळा सरला की पात्रातून वाट पडत असे. भरलेला ट्रक वाळूत रुतू नये म्हणून अलीकडच्या काठावर आपण चाकांतील निम्मी हवा सोडत असू. टायर पसरट होत आणि गाडी वाळूवरून हळूहळू पार होई. पलीकडे पोहोचल्यावर ट्रकची आणि मागच्या ट्रॉलीची सर्व चाके पायपंपाने पुन्हा भरावी लागत. आपण दोघे आळीपाळीने पंप मारत असू आणि केळीचे घड उन्हात काळे पडत. अखेर मालकांनी कॉम्प्रेसर घेण्याचे मान्य केले आणि निवड तुमच्यावर सोपविली. मालक गुजर पाटील होते. दुसऱ्याच्या निवडीवर बोलल्याशिवाय त्यांना राहवत नसे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

धुळ्याच्या दुकानात मांडलेल्या यंत्रांपैकी सर्वांत मोठ्यावर मी हात ठेवला. त्याची टाकी माझ्या कमरेला लागत होती. तुम्ही मालकांच्या देखत विचारलेत, "हाई वाळूमा कोन उचलई? तुन्हा सासरा?" माझे लग्न नुकतेच झाले होते. सगळे दुकान हसले. आज ते दुकान डोळ्यांसमोर आले, की मलाही हसू येते. त्या दिवशी कान तापले होते. मग तुम्ही आपल्या भरल्या ट्रकच्या मागच्या चाकांतील हवा सोडलीत आणि एकेक यंत्र रस्त्यावर आणवून चालवून पाहिलेत. सर्वांत लहान यंत्र दुसऱ्या चाकालाच असे तापले की त्याला हात लावता येईना. मधल्या यंत्राला वेळ लागला, परंतु शेवटच्या चाकानंतरही तुम्ही त्यावर तळहात ठेवून स्वस्थ उभे होतात. दोन माणसांना ते उचलता येत होते. व्यवहार तिथेच संपला, असे मला वाटले.

तुम्ही मात्र नळी उलगडलीत. ती हातभर होती. तुम्ही खोलीएवढी लांब नळी मागितलीत, आणि तिचे तोंड असे हवे म्हणालात, की ते चाकाच्या वॉलला, म्हणजे हवा भरण्याच्या तोटीला, आपले आपण धरून राहील. दुकानदार म्हणाला, एवढ्या लांब नळीचे काम काय, उगाच अडचण. तुम्ही म्हणालात, "शेठ, तुम्ही गादीवर बठतस. चाकसमोर आम्ही बठतस." मालक कुरकुरले, "उस्ताद, बैलगाडी तीन खेपा करी येई, तवलोंग तुन्हं एक चाक भराई." तुम्ही नुसते हसलात आणि नळी जोडून घेतल्याशिवाय ट्रकमध्ये बसला नाहीत.

त्या वेळच्या चाकांना टायर जागेवर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असे. ती नीट बसलेली नसली, तर हवा भरताना तोफेच्या गोळ्यासारखी सुटत असे. यंत्र आणल्यावर पहिल्याच दिवशी मी चाकासमोर उभा राहिलो, तेव्हा तुम्ही माझी कॉलर धरून मला मागे खेचलेत. "चाकना तोंडसमोर उभा ऱ्हाऊ नको. ती रिंग कोनले वळखत नही." त्यानंतर आपण नळी वॉलला लावून दूर जात असू आणि वाळूत बसून विडी ओढत असू. यंत्र धडधडत राही. माझ्या आयुष्यातील सर्वांत निवांत वेळ तोच होता.

तो दिवस असा. मालकांची ट्रॉली कापूस भरून म्हसावदजवळ चाक बसल्याने उभी होती. यंत्र घेऊन जाण्याचा मला निरोप आला. मी तुम्हाला विचारले. तुम्ही म्हणालात, "लई जाय. आठे आज काय काम शे?" मी यंत्र मालकांच्या जीपमध्ये घालून गेलो. मागे काठावर मोलगीकडून लाकूड भरून आलेला एक परका ट्रक थांबला. त्याच्या चालकाकडे स्वतःचे यंत्र होते, हाताने वॉलला धरून ठेवण्याच्या नळीचे. ती नळी धरायला त्याने तुम्हाला हाक मारली. काठावर कोणी हाक मारली आणि तुम्ही उठला नाहीत, असे कधी घडले नव्हते.

मी परतलो, तेव्हा काठावर माणसे उभी होती. कोणीही बसलेले नव्हते. माझ्या मागे यंत्र पाहून त्यांनी वाट दिली. मला तेव्हा काहीच उमगले नाही. मला वाटले, यंत्रालाच वाट देत आहेत. चाकाची रिंग सुटून दूर वाळूत पडली होती. तो चालक तिथेच बसला होता आणि तुम्ही धरलेली नळी आता त्याच्या मुठीत होती. कोणीतरी माझ्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली, तेव्हा मला कळले.

संध्याकाळी तुमच्या घरी गेलो. चाची ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिले. मग शांतपणे विचारले, "बेटा, मशीन तुन्हाजोडे व्हतं ना?" मी म्हणालो, हो, माझ्याजवळच होते. "मंग बरं. त्यासना जीव व्हता त्यान्हावर." तुमची आवडती वस्तू शाबूत आहे, एवढेच त्यांना हवे होते, हे मी जाणतो. मालकांनी यंत्र मागविले, तुम्ही ते दिलेत, मी ते नेले. यात कोणाचेही काही चुकलेले नाही. हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे आणि तो दर वेळी बरोबर येतो. तरीही चाचींचा प्रश्न घरात फिरत राहतो. देवघरातही येतो. आणि दर वेळी मला तेच उत्तर द्यावे लागते.

हे पत्र कबरस्तानात बसून तुम्हाला वाचून दाखवावे, असे ठरविले होते. आज फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. मी चौथी उत्तीर्ण आहे आणि शुद्ध लिहितो, याचा मला अभिमान आहे. परंतु हे पत्र शाळेच्या मराठीत लिहिण्याचे कारण तो अभिमान नव्हे. आपल्या बोलीत लिहावयास बसलो असतो, तर कागदावर एकच वाक्य उतरले असते. उस्ताद, मशीन मन्हाजोडे व्हतं.