बठ्ठा उनात का?

देवपूर, मंगळवार, संध्याकाळ

अक्कांचं वाक्य गेलं. अहिराणी शब्दकोशासाठी शेजारच्या अक्कांनी 'बठ्ठा' या शब्दाला दिलेलं: 'बठ्ठा उनात का?' सगळे आले का?

पिंप्राळ्याला, कोशाच्या कामातल्या सुनंदाच्या संगणकात भरता यावा म्हणून काल सगळा कोश साध्या मजकुरात उतरवला. तोच मजकूर संगणकाकडून परत वाचून घेतला आणि मूळ फाइलवरच जतन केला. घाई कसली होती मला? शब्द मोजले, जुळले. चूक कुठेच दिसली नाही.

प्रत्येक नोंद शब्दाच्या नावाने ओळखायची, हे मीच ठरवलेलं. 'बठ्ठा'ला गल्लीतल्या नानांचंही वाक्य होतं. एकाच नावाच्या दोन नोंदी. परत वाचताना दुसरी पहिलीवर बसली. नानांचं वाक्य उरलं, अक्कांचं पुसलं गेलं.

आज अक्का दारात. "मनं वाक्य दखाड ना भाऊ."

दाखवलं. त्या हसल्या. "हाई तं नानानं शे. मी कोठे गऊ?"

हे तर नानांचं, मग त्या कुठे गेल्या? झालेली चूक सांगितली. आता एका शब्दाखाली कितीही वाक्यं राहतील अशी रचना केली आहे. अक्का म्हणाल्या, "लिख, परत सांगस." त्यांनी सांगितलं, मी टंकलं. उतरवलं, परत वाचलं. दोघंही होते.

पण नरडाण्याच्या बायकांनी कोशाला दिलेली वाक्यं? त्यातली कोणती कोणाखाली गेली, याची खूणही उरलेली नाही. शब्द मात्र सगळे जागेवर.

जाताना अक्कांनी पडद्याकडे बोट केलं. "बठ्ठा उनात का?"

वाक्य वाचून दाखवत होत्या की मला विचारत होत्या, कळलं नाही. मी हो म्हणालो.