न खाकरता येणारे हेडमास्तर

वेल्हे, सोमवार, भाद्रपद, सन १९३८

आज पुन्हा तेच! नवे हेडमास्तर दाराआड उभे, आणि मला पत्ता नाही. जुने हेडमास्तर ओसरीवरूनच खाकरायचे. मास्तरांनी सावरावं, पोरांनी नीट बसावं, मगच आत यायचे. साधं खाकरणं, पण त्यात मास्तरांचा केवढा मान होता! हे मात्र मांजराच्या पावलांनी येतात. मी कोल्ह्याचा आवाज काढून गोष्ट सांगत होतो, पोरं खदखदून हसत होती. एकदम मागून, "मास्तर, शाळा आहे की तमाशा?" सगळ्या पोरांसमोर! अरे, खाकरायला काय घसा दुखतो यांचा? शेजारच्या वर्गातले गुरुजी तर हल्ली नुसते पाढेच म्हणवून घेतात. पाढ्यांना कोण नावं ठेवणार?

दुपारी म्हटलं, चला, राहिलेली गोष्ट पुरी करू. पोरं हूं की चूं करेनात. शेवटी पाली गावची हौसा हळूच म्हणाली, "गुर्जी, दाराआड कोन न्हाई न्हवं?"

"नाही गं," मी म्हणालो. पण म्हणायच्या आधी मीच दाराकडे बघितलं.