दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिंपीकाम, हा लेख कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. दातांच्या डॉक्टरांचा दाखला चालेल का, अशी वकिलांना शंका आहे. त्यांच्या शंका ऐकायचे माझे दिवस सरले.

१. राहतं घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या व खालचं दुकान, माझ्या पश्चात पत्नीकडे तहहयात राहील. तिच्यामागे ते आमच्या एकुलत्या नातीला मिळेल, जिला आम्ही बटण म्हणतो. माझा मुलगा हयात नाही. तीन वर्षांपूर्वी कामावर जाताना ट्रकखाली गेला. तेव्हा बटण चार वर्षांची होती.

२. बँकेतली ठेव पत्नीची. ती तिने गुडघ्यांच्या ऑपरेशनला वापरावी. 'पुढच्या वर्षी बघू' हे मी सहा वर्षं ऐकतो आहे.

३. शिलाई मशीन, कापायचं टेबल व मोठी कात्री काज-बटण करणाऱ्या बाईंना. बावीस वर्षांत त्यांनी एक बटण सैल लावलं नाही आणि माझा एक शब्द ऐकून घेतला नाही. गिऱ्हाईक टिकलं ते त्यांच्यामुळे, हे तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

४. इस्त्री मेहुण्याला. "कोर्टात खेचा, सुतासारखी सरळ येईल," हे सुनेबद्दलचे शब्द त्याचे. इस्त्रीची वायर आत कुठेतरी उघडी आहे, अधूनमधून झटका देते. दुरुस्त करून देऊ नये.

५. भेटीबद्दल. मुलगा गेल्यावर वर्षाच्या आत सून बटणला घेऊन माहेरी गेली व आम्हाला दार बंद झालं. आम्ही नातीला भेटू द्या म्हणून अर्ज केला. कोर्टाने महिन्याचे दोन शनिवार दिले. कोर्टाच्याच तळमजल्यावर एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, चाक निघालेली खेळण्यातली मोटार, आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या एक बाई. दुसऱ्याच भेटीत बटण माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. दुकानात अशीच उभी राहायची. माझ्या गळ्यात टेप होती. पन्नास वर्षं असते. कोर्टात जाताना ती काढावी हे सुचलं नाही. मी माप घेतलं. बाईंनी वहीत लिहिलं, 'आजोबांनी मुलीला उभं करून अंगाला टेप लावली.' सुनेच्या वकिलाने ते अशा आवाजात वाचून दाखवलं की मलाच माझी किळस आली. दोन शनिवारांचा एक झाला, आणि तिला हात लावायचा नाही असं ठरलं.

तेव्हापासून नजरेने माप घेतो. दर महिन्याला एक फ्रॉक शिवून त्या वहीवाल्या बाईंच्या हाती देतो. पुढे त्याचं काय होतं, कोणी सांगत नाही. सून फरशी पुसत असेल. पुसो बापडी. सुती कापड आहे, पाणी चांगलं शोषेल.

६. हे कलम लिहायचं नव्हतं. आमच्या अर्जात एक वाक्य होतं: 'मुलीच्या आईचं मन थाऱ्यावर नाही व तिच्याजवळ मुलीची आबाळ होते.' वकिलाने मला विचारलं होतं, हे ठेवायचं का? मी म्हणालो, ठेवा, कच्चे टाके नकोत, पक्की शिलाई पाहिजे. नवरा गेल्यावर सून तीन महिने अंथरुणातून उठली नव्हती. तेव्हा बटणला आजी भरवत होती. उठून बसली त्या दिवशी सून माझ्या पत्नीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, तुम्ही होतात म्हणून तरले. आमच्यावर विसंबून ती कोसळली, आणि तेच मी उचलून न्यायाधीशांपुढे ठेवलं. दोष वकिलाचा नाही, मेहुण्याचाही नाही. पत्नी तेव्हा नको म्हणत होती, तिला मी गप्प बसवलं. मी नसताना तिला त्या खोलीत एकटीने जावं लागेल आणि तिचे गुडघे धड नाहीत. तिला नात घरी भेटावी, एवढंच मला हवं आहे.

७. सूनबाईला मी काहीही देत नाही. एक सुईसुद्धा नाही. कारण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीला सही करायची नसते, आणि दुसरा साक्षीदार म्हणून मला तीच हवी आहे. तिच्या देखत सही करायची म्हणजे तिला यावं लागेल, आणि साक्षीच्या निमित्ताने कलम सहा वाचावं लागेल. तशी तीन पत्रं गेली आहेत. ती येईपर्यंत मी सही करणार नाही. मध्येच मेलो तर घराचं जे व्हायचं ते होवो.

लिहून देणार: सही (दुकानाचे मालक)
साक्षीदार पहिले: सही (समोरचे दातांचे डॉक्टर)
साक्षीदार दुसरे: सही (सून)
स्थळ: दुकान, कापायच्या टेबलावर
वार: शनिवार, भेटीचा नसलेला

ता. क. सहीनंतर लिहिलेलं ग्राह्य धरत नाहीत. न धरोत. चौथ्या पत्रानंतर ती आज आली, एकटीच. पाणीही घेतलं नाही. कलम सहा उभ्याने दोनदा वाचलं, सही केली आणि म्हणाली, "बाबा, हे मेल्यावर कोणाला दाखवणार? सोमवारी कोर्टात लिहून द्या."

देतो म्हणालो. बटणला का नाही आणलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ती पायरी उतरली, सहीला येणाऱ्या डॉक्टरांना वाट दिली, आणि मागे न बघता म्हणाली, "बाह्या आता दोन बोटं लांब ठेवा. दंडात काचतात तिला."