पोपटाचा पत्रा

४ मार्च २००१, रविवार

माझ्या हातानं झालेल्या वस्तू, आठवतील तशा: धावडा गावातल्या आमच्या घराचे दोन्ही दरवाजे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेला अडकित्ता, अजून धार गेलेली नाही. बायकोची, झुंबरबाईची, भुश्याची शेगडी. सायकलच्या डायनामोवर वाजणारा रेडिओ. आणि कालपासून, कॉम्प्युटर. कोर्स नाही, मास्तर नाही.

आठवडा झाला, आम्ही नवरा-बायको जालन्याला मस्तगडात राहायला आलो. दोन खोल्या, वर माळा, सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत. घरमालकीण तुळजाबाई मागच्या अंगाला एकटी राहते. माळ्यावरचं भंगार वापरा नाहीतर फेका, म्हणाली. त्यात पत्र्याची एक पेटी सापडली, झाकण गेलेली. हिरवा रंग, एका अंगाला पोपट. असा जाड पत्रा आता मिळत नाही. तो कापून मी कॅबिनेट केलं आणि पोपट मुद्दाम बाजूच्या झाकणावर येऊ दिला. बोर्ड, हार्डडिस्क, रॅम सुटं आणून आत बसवलं. स्क्रूचं एक भोक वाकडं नाही. डाव्या करंगळीचं टोक तरुणपणी पत्रा कापायच्या कातरीनं नेलं, तेव्हापासून मी घाईत कापत नाही.

बटण दाबलं, पहिल्या झटक्यात चालू! दारावर पाटी लावली, मराठी टायपिंग करून मिळेल. झुंबर म्हणाली, "एवढा मोठा पोपट, अन् बोलत कसा न्हाई?"

१० मार्च

मशीन हळू झालं. आधी माऊसचा बाण चिखलातून चालल्यासारखा. मग अक्षरं उशिरा. मग सगळंच थिजलं, हँग. पंखा तेवढा फिरत होता.

बिघाडाला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं पुसले. हार्डडिस्क तपासली, एकही जागा खराब नाही. विखुरलेल्या फायली एकत्र केल्या, त्यात दुपार गेली. व्हायरस शोधायची फ्लॉपी फिरवली, काही निघालं नाही. प्रोसेसर तापत असेल म्हणून बोट लावलं, तर गार. माठासारखा गार. हे मात्र पटलं नाही.

सुटे भाग ज्याच्याकडून घेतले तो दुकानवाला सर्जेराव हसून म्हणे, "भुजंगभाऊ, कोठ्या-पेट्या करणं येगळं अन् हे येगळं. आणून टाका इकडं." आणत नसतो. गिऱ्हाईक दारातून परत गेलं तरी चालेल, पण हे मशीन माझ्याच हातानं दुरुस्त होईल.

१३ मार्च

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. काल संध्याकाळी मशीन थिजलेलं असताना मी 'झ' दाबला होता. मशीन तसंच चालू राहू दिलं. तो 'झ' आज सकाळी चहाच्या वेळी पडद्यावर उमटला.

१५ मार्च

तुळजाबाई विरजण मागायला आली. पोपट बघितला आणि उंबऱ्यावरच बसली.

तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा कारभारी याच खोलीत गेला. लकवा. आधी डाव्या हाताची बोटं, मग जीभ, मग पाय, शेवटी उजवा हात. माणूस थोडा थोडा थिजत गेला. गेला त्या दिवशी रीतीप्रमाणं पीठ पसरून दिवा ठेवला. वर झाकायला टोपली मिळेना, म्हणून घरातली ही पेटीच पालथी घातली. सकाळी उचलून बघायचं. पिठात ज्याची खूण उमटेल, गाय, चिमणी, मुंगी, त्या जन्माला माणूस गेला. "काहीच उमटलं न्हवतं, भाऊ. पीठ जसंच्या तसं. ते कुठंच गेले न्हाईत." पेटी माळ्यावर आहे हे ती विसरूनच गेली होती.

पत्रा मला द्या, नदीत सोडते, म्हणाली. बदल्यात तिनं जे देऊ केलं ते ऐकून झुंबरच्या हातातली परात पडली. मी नाही म्हणालो. आकडा इथं लिहीत नाही, वाचून मन ढळायला नको. माझ्या हाताची वस्तू भिऊन द्यायची? तीसुद्धा बिघडलेली? मग सर्जेराव म्हणणारच, दुरुस्त करता आलं नाही म्हणून भुताचं नाव केलं.

१७ मार्च

उंदीर! हे आधीच सुचायला पाहिजे होतं. उंदीर आत शिरून वायर कुरतडत असेल तर बिलकुल असंच होणार. पावलं कळावीत म्हणून कॅबिनेटच्या आत आणि भोवती ज्वारीचं पीठ पसरलं. मशीन चालूच ठेवलं, समोरचा हिरवा दिवा पेटता.

झुंबर आत पाऊल टाकेना. घरात मेलं कोण, म्हणाली. दिवा झाला, पीठ झालं, वर पत्राबी तोच, मंग राह्यलं काय? मी म्हणालो, रडायचं राह्यलं. ती हसली नाही.

१८ मार्च, सकाळ

उंदीर नाही.

पोपटाची बाजू उघडली. आतल्या पिठात पंजा उमटलाय. माणसाचा, डावा. करंगळीला टोक नाही.

पीठ मी चमच्यानं टाकलं होतं, उजव्या हातानं. डावा आत घातलेलाच नाही. आता वर धरून बघितला. बराबर बसतो.

पुसून टाकलं. झुंबरला सांगितलेलं नाही.

१९ मार्च

मशीन दुरुस्त! घोड्यासारखं पळतंय. सर्जेरावाला बोलावून दाखवलं, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. प्रोसेसर आता बोटाला ऊबदार लागतो, पाहिजे तसा.

करंगळी जरा बधिर आहे. कामानं असेल.

२२ मार्च

डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. गार पडलीत. तेल लावलं, शेक दिला, डॉक्टरला दाखवलं. दोष कुठंच दिसत नाही म्हणाला. मीही मशीनबद्दल तेच म्हणत होतो.

हातालाही कारण असणार. शोधीन.

२५ मार्च

झुंबरनं विचारलं, चहा घेता का. मी हो म्हणालो. ती रडायलाच लागली — म्हणे, "इचारलं सकाळी! आता दिवे लागलेत."

मशीन मात्र — एकदम झकास.

२७ मार्च

पाय. भिंत धरून —

झुंबर म्हणते, पत्रा नदीला नेते. मी नाही म्हणून मान हलवली. मान हलायला किती वेळ — ती तुळजाबाईला आणायला गेली. आणू दे. माझ्या पोपटाला हात लावू देणार नाही.

२८

दोघी आल्या. तुळजाबाईनं पत्र्यावर हातोडा घातला — बरगडीत लागलं. माझ्या. झुंबरनंच तिचा हात धरला.

आता तोडताही येत नाही.

तारीख —

उजवा हात अजून माझा आहे. एक अक्षर. थांबायचं. दुसरं अक्षर.

कारभारी, ऐक. मशीन मी केलं — मीच चालवलं. पश्चात्ताप बिलकुल नाही. भुजंग भ्याला असं कुणी — म्हणून आकडा लिहितो. मी नाकारलं ते हे. या दोन खोल्या माझ्या नावावर — आणि वर रोख — चाळीस हजा