झिऱ्यावर नेलेलं आखूड धनुष्य

मी, रामेश्वर बिरू ठोंबरे, वय वर्षे बासष्ट, मूळ राहणार मौजे धोंडखेडा, तालुका वैजापूर, सध्या मुक्काम हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं आणि माझ्याच हातानं लिहून ठेवत आहे. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात मशिनीवर रक्त धुऊन आणावं लागतं, तरी डोकं ठिकाणावर आहे. कुणाची जबरदस्ती नाही, कुणाची फूस नाही. कच्चा मजकूर एका वकिलाला दाखवला होता. तो म्हणाला, "काका, असलं मृत्युपत्रात लिहीत नसतात. नुसती वाटणी लिहा." त्याची फी त्याच्या टेबलावर ठेवली आणि उठलो. नुसती वाटणी पोस्टकार्डावरही मावली असती.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्या पश्चात पुढं लिहिल्याप्रमाणे करावं.

कलम एक. हर्सूलचं राहतं घर. हा प्लॉट २०१६ साली घेतला तेव्हा इथं बाभळी होत्या आणि टँकरची वाट बघत बसलेली चार घरं. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात. गच्चीवर गेलं की तुरुंगाची भिंत दिसते. प्लॉट मला माझे मालक तात्यासाहेब यांनी मातीमोल भावात दिला. का दिला, ते कलम पाचमध्ये आहे. माझा मुलगा सत्यम प्लॉटिंगच्या ऑफिसात कामाला असतो. हे घर पाडून चार मजले चढवायचा नकाशा त्यानं बाप जिवंत असतानाच काढून आणला. सत्यम, तो नकाशा गुंडाळून ठेव. हे घर श्रीमती बानाबाई पुंजाराम गोरे, राहणार धोंडखेडा, यांना द्यावं. माझी पत्नी सत्यशीला हयात आहे तोवर मागच्या दोन खोल्यांत तिचा हक्क राहील. बानाबाई कोण, असं सत्यम विचारेल. पुढं वाच, बाबा.

कलम दोन. धोंडखेड्याची जमीन, एक एकर दहा गुंठे, कोरडवाहू, ही सत्यमला. तिच्यात बोअर मारू नये. मी तीन मारले, तिन्हींतून धुरळा निघाला. सत्यशीलेच्या अंगावरचं सोनं तिचं आहे, त्याला माझा हात लागला नव्हता आणि कुणाचा लागू नये.

कलम तीन. अवजारं. मी पंधरा वर्षं तात्यासाहेबांच्या तिरंदाजीच्या मैदानावर नोकरीला होतो. आधी गवत कापायला, मग धनुष्य दुरुस्तीला. दोऱ्या वळायचा पाट, धनुष्य दाबायचा शिकंजा, पान्यांचा डबा, हे सगळं शेजारच्या कचरूला द्यावं. तो रिक्षा चालवतो, पण त्याच्या बोटांत कसब आहे. दोरीला मेण लावताना तो घाई करतो. करू नको, कचरू.

कलम चार. लांब धनुष्य. माझ्याकडं दोन कम्पाउंड धनुष्यं आहेत. म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेली, ओढताना जड आणि पूर्ण ओढली की हातात हलकी होणारी. एक लांब, चाकापासून चाकापर्यंत अडतीस इंच. दुसरं आखूड, तीस इंच. मैदानावर येणारे लोक नेहमी विचारायचे, "मामा, कोणतं घ्यावं?" मी सांगायचो, लांब धनुष्य चुका पोटात घालतं. मनगट जरा वळलं, श्वास चुकला, तरी बाण फार भरकटत नाही. आखूड धनुष्य काही पोटात घालत नाही. ते चपळ असतं, अडचणीच्या जागी वळतं, खाली बसून ओढता येतं, पण माणूस पक्का पाहिजे. लोक हसायचे, म्हणायचे मामा सासूबद्दल बोलायलेत. लांब धनुष्य सत्यमला. बारा वर्षांचा असताना तो त्याच्यावर छान नेम धरायचा, मग सोडून दिलं.

कलम पाच. आखूड धनुष्य. आता खरं लिहितो.

दोन हजार सोळाच्या एप्रिलात धोंडखेड्याला प्यायला पाणी नव्हतं. नाल्याच्या वाळूत एक झिरा तेवढा जिवंत होता. हातभर खोल खड्डा, तासाला दोन हंडे पाझरायचे. माणसं तिथंच, मेंढरं तिथंच, आणि पहाटे रानडुकरंही तिथंच. शेजारी तात्यासाहेबांची मोसंबीची बाग. डुकरांनी ठिबकच्या नळ्या फाडून ठेवल्या होत्या, पाण्याच्या वासानं. तात्यासाहेब मला म्हणाले, "रामेश्वर, बंदुकीचा आवाज होतो. तू बाणानं दोन-चार पाड." परवानगी नव्हती. शिकार चोरून, म्हणून गावात कुणालाच सांगितलं नाही. माझ्या या कागदातली पहिली चूक ती.

आदल्या दिवशी तात्यासाहेबांनी दोन्ही धनुष्यं जीपच्या बॉनेटवर ठेवली. म्हणाले, "बोल, कोणतं?" झिऱ्यापासून तीस पावलांवर मी कमरेइतका खड्डा खणला होता, वरून तुराट्या झाकल्या होत्या. लांब धनुष्य नेलं असतं तर त्याचं खालचं चाक मातीला लागलं असतं. ओढायला मला उभं राहावं लागलं असतं. माझे गुडघे दुखायचे. आणि गर्व होता. पंधरा वर्षं लोकांना शिकवलेला माणूस, मला कशाला पाहिजे चुका पोटात घालणारं धनुष्य? मी म्हणालो, "आखूड. बसल्या बसल्या काम होतंय." तात्यासाहेब म्हणाले, "शाब्बास."

उजाडायच्या बेताला वाळू उकरल्याचा आवाज आला. तुराट्यांच्या फटीतून झिऱ्यावर एक काळं, गोल, वाकलेलं दिसलं. तोंड खाली, पाठ वर. डुक्कर पाण्यासाठी तसंच उकरतं. बसल्या जागेवरून ओढलं आणि सोडलं. बाण बरोबर गेला. पंधरा वर्षांत माझा इतका बिनचूक बाण दुसरा नसेल.

तो पुंजाराम गोरे होता. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन झिरा साफ करत होता, मेंढरं यायच्या आधी पाणी साठावं म्हणून.

मी धनगराच्या पोटी जन्मलो. माझा बाप बिरू घोंगडीत जगला आणि घोंगडीत मेला. पुंजाराम आणि मी एका कळपामागं वाढलो, एका घोंगडीत दोघं झोपलो. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर घोंगडी कशी पडते हे शहरातल्या माणसाला कळलं नसतं. मला कळायला पाहिजे होतं. उभा राहिलो असतो तर कळलंच असतं. उभ्यानं त्याचे पाय दिसले असते, पायातल्या वहाणा दिसल्या असत्या. नंतर त्या खड्ड्यात उभं राहून मी पाहिलंय.

तो लगेच गेला नाही. मला ओळखलं त्यानं. म्हणाला, "रामा, मेंढरं यायलीत. पाणी गढूळ करू नको." एवढंच बोलला. मी त्याला झिऱ्यावरून बाजूला ओढला, आणि पाणी गढूळ झालंच.

तात्यासाहेब बांधावरून पळत आले. त्यांनी बघितलं, डोक्याला हात लावला, मग म्हणाले, "डुकरानं फाडलं म्हणायचं." मी म्हणालो, "साहेब, रानात जन्म काढलेला माणूस, त्याला डुक्कर फाडतंय होय? कोण मानंल?" त्यावर त्यांनी जीपमधली बाटली आणून माझ्या हातात दिली. ओतली मी. घोंगडीवर ओतली, तोंडावर ओतली. बाटली त्यांची, पण हात माझा होता, हे कुणी माझ्या बाजूनं खोडू नये. पुंजारामच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यानं जन्मात थेंब घेतला नव्हता.

गावाला मीच सांगितलं, घेतलेली होती त्यानं, शुद्ध नव्हती. पंचनाम्याच्या भानगडीत कशाला पडता, असं तात्यासाहेब म्हणाले आणि गावानं मान डोलावली. दुपारच्या आत माती दिली. हर्सूलचा प्लॉट मला त्यानंतरच मिळाला, तोंड बंद ठेवायचा. त्या आठवड्यात पोरांनी कोयते घेऊन सात डुकरं मारली, पुंजारामचा सूड म्हणून. मी ओट्यावर बसून बघत होतो.

आखूड धनुष्य आणि तो बाण माझ्या लोखंडी पेटीत, वरच्या कपड्यांखाली आहेत. माझ्यानंतर दोन्ही वैजापूरच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत. विकू नयेत, वाटू नयेत, नदीत सोडू नयेत.

कलम सहा. तात्यासाहेबांना माझ्याकडून काही नाही. त्यांनी दिलेलं मनगटी घड्याळ परत करावं. माझ्या मातीला ते आले तर त्यांना खांदा देऊ देऊ नये. हे सत्यमला जड जाईल, कारण त्याची नोकरी त्यांच्याच ओळखीनं लागली. जड जाऊ दे.

कलम सात. पुंजारामचं नाव. त्याची मुलगी अंबिका, तिची सोयरीक दोनदा मोडली. दोन्ही वेळा निरोप एकच आला, दारुड्याची पोरगी नको. दुसऱ्यांदा मोडली तेव्हा मी धोंडखेड्यातच होतो. पारावर चहा पीत होतो. चहा पिऊन उठलो. तिचं लग्न पुढं झालं, तिशीत, बिजवराशी. म्हणून माझी अट अशी की माझ्या दहाव्याच्या दिवशी सत्यमनं धोंडखेड्याच्या चावडीवर, लोक जमवून, कलम पाच आणि कलम सात मोठ्यानं वाचावं. वाचल्याशिवाय त्याला जमीन मिळू नये, धनुष्यही मिळू नये.

इतकं शनिवारी लिहून झालं होतं. खाली सही करणार होतो. त्याआधी कागद सत्यशीलेच्या हातात दिला. तिला सातवीपर्यंत वाचता येतं. तिनं सावकाश वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. त्या दिवशी जेवली नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रविवारी सकाळी पदर खोचला, कागद पिशवीत घातला आणि वैजापूरच्या बसला गेली. दुपारी आली ती बानाबाईला घेऊन. म्हणून पुढचं कलम लिहावं लागत आहे.

कलम आठ. बानावहिनी पायरीवरच बसल्या, आत आल्या नाहीत. सत्यशीलेनं त्यांना सगळं वाचून दाखवलं, एक ओळ न गाळता. मी आत खाटेवर होतो. वाटलं, आता ही बाई छाती पिटंल, दगड घेऊन येईल. आली असती तर बरं वाटलं असतं.

त्या म्हणाल्या, "मला त्या दिशी वास आला व्हता, भावजी."

मी खाटेवर उठून बसलो.

"आठ वर्सं मी त्यांनाच शिव्या दिल्या. माळ घालून पिलास व्हय रं मुडद्या, लेकराचं वाटोळं केलंस, म्हणून. माळ काढून उकिरड्यावर फेकली. पित्राला पान वाढलं नाय मी त्यांना. एकदाबी नाय."

मी म्हणालो, "वहिनी, हे घर तुमच्या नावानं केलंय."

"आग लावा घराला," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर माझ्या अंबीचं नाव नको. तुमच्या पोराला द्या, चार मजले करू नायतर धा करू. आन् दहाव्याला कशाला वाचायचं? तुमी मेल्यावर? मेलेल्याला कोण इचारतंय? लोक म्हणतील, म्हातारं आजारपणात बरळलं. जित्तं बोला. माझ्यासंगं चला, चावडीवर उभं ऱ्हावा आन् तुमच्या तोंडानं बोला."

मी म्हणालो, "तुरुंगात घालतील मला."

"घालू द्या की. तिथंबी मशीन असंल," त्या म्हणाल्या.

सत्यशीला मध्ये पडली नाही. चौकटीला टेकून उभी होती. एवढंच म्हणाली, "मंगळवारी तुमचं मशीन हाय. सोमवार मोकळा हाय."

म्हणून कलम एक रद्द. घर सत्यशीलेला, तिच्यानंतर सत्यमला. सत्यम, नकाशा परत उलगड, काही हरकत नाही. कलम सातमधली दहाव्याची अट रद्द. कलम पाचमधलं "माझ्यानंतर" हा शब्दही रद्द. सोमवारी सकाळच्या बसनं मी धोंडखेड्याला जातो आहे. पेटी कचरू त्याच्या रिक्षातून बसस्थानकापर्यंत आणून देईल. आधी चावडी, मग पोलीस ठाणं. तात्यासाहेबांना फोन केलेला नाही. मला भीती वाटते आहे. इतकी भीती त्या पहाटेही वाटली नव्हती, हे खरं आहे.

हा कागद मी वाचला, मला समजला, मजकूर माझाच आहे आणि त्याची जबाबदारीही माझीच, म्हणून खाली सही करतो.

सही: रामेश्वर बिरू ठोंबरे
ठिकाण: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
तारीख: १९ मे २०२४, रविवार

साक्षीदार पहिला: कचरू, शेजारी, रिक्षाचालक. समक्ष सही केली. मजकूर ऐकून अर्धा तास बाहेर जाऊन बसला, मग येऊन सही केली.

साक्षीदार दुसरी: बानाबाई पुंजाराम गोरे. शाई पुढं केली, तर त्यांनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, "उद्या चावडीवर बोला, मंग आंगठा देते. तवर नाय." दुसऱ्या साक्षीशिवाय हा कागद रद्दी आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला." दुसरा साक्षीदार गल्लीत कुणीही मिळेल, पण मी तो घेणार नाही. अंगठ्याची जागा कोरी ठेवली आहे.