एकाच महिन्याच्या दोघी

प्रिय विदा,

रादिशा काल तुझा निरोप घेऊन आला. 'जिला माझ्यापासून सोडवून घेतलंय, तिचं मूत्रपिंड मला नको,' असं तू म्हणालीस म्हणे. तुझा नवरा बिचारा दारातच उभा राहून सांगत होता, आत यायलाही तयार नाही. आईने बळेच बसवलं, पाण्याच्या पेल्यासोबत चमचाभर आलुबुखाराचा मुरंबा पुढे केला, तर तो तोंडात धरूनच रडायला लागला. तुझी दोन्ही मूत्रपिंडं बसलीत, डायलिसिसने तू अर्धी झालीस, आणि वर हा ताठा! मला तुझा राग आला. मग कळेना, हा रागच आहे की आणखी काही. आजकाल मला काही धड कळत नाही बघ.

मागच्या हिवाळ्यात तू इथे अंथरुणाला खिळलीस, अंगभर सूज, गालांवर ते लाल चट्टे, तेव्हा आईने आपलंच खरं केलं. एकाच महिन्यात जन्मलेली भावंडं एकमेकांना बांधलेली असतात, एक गेलं की दुसऱ्याला ओढून नेतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि आपण तर एकाच दिवसाच्या, एकाच चेहऱ्याच्या. एक गेल्यावर करायचा विधी तिने तू जिवंत असतानाच केला. घोड्याची लोखंडी बेडी आणली, एक कडं तुझ्या पायात, एक माझ्या. शेजारच्या पेर्साने कुलूप उघडलं आणि मोठ्याने म्हणाली, आजपासून हिची बहीण मी. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. आई चुलीपाशी उभी राहून रडत होती. तिला एक तरी लेक हवी होती गं. तुला वाटलं, तिने तुझ्यावर पाणी सोडलं. पेर्सा तेव्हापासून रोज येते, मला बहीणबाई म्हणते आणि कॉफीत भरमसाठ साखर घालते. मला ती मुळीच आवडत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे मी परत परत गेले. त्यांनी तुझं रक्त तपासलं, माझंही. मी म्हटलं, बाई, आम्ही एका साच्यातल्या, मग हिचं शरीर हिच्याच जिवावर उठलं आणि माझं गप्प कसं? त्या म्हणाल्या, जनुकं दोघींची अक्षर न् अक्षर सारखी, पण कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, याच्या बारीक खुणा त्यांच्यावर असतात, आणि त्या आयुष्यभर बदलत राहतात. तुझ्या रक्तातल्या काही पेशींवरच्या खुणा पुसल्या गेल्यात. जी जनुकं गप्प राहायची, ती जागी झालीत. मला ते आपल्या गालिच्यांवरून थोडंसं कळलं. एकाच नमुन्यावरून विणायचो, तरी तुझा नेहमी अरुंद यायचा, कारण तू धागा ठोकून ठोकून बसवायचीस. पण मग इथे हात कुणाचा, म्हणून विचारलं, तर बाईंनी खांदे उडवले. तुझ्या सासरच्या तांब्याच्या भट्टीचा धूर असेल, सिगारेटी असतील, एखादा जुना ताप असेल. तुझं बाळ गेलं त्याचं दुःख असेल का, तेही विचारलं. असेलही, नसेलही, म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई, आणि अशी उत्तरं.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणते, बघ, मी सोडवलं म्हणून तू वाचलीस. मी म्हटलं, अगं, माझ्या खुणा आधीपासूनच वेगळ्या असतील. तर म्हणे, तुझ्या डॉक्टरणीने बेडी सोडवण्याआधी बघितल्या होत्या का, विचार तिला. विचारलं. बघितल्या नव्हत्या. आता बोल!

खरं तर मला वेगळंच विचारायचं होतं. माझ्या खुणाही उद्या पुसल्या गेल्या, आणि माझ्यापाशी तेव्हा एकच मूत्रपिंड असलं, तर? बाई म्हणाल्या, इतरांपेक्षा तुम्हाला धोका जास्त आहे, पण होईलच असं नाही. या वाक्याचं मी काय करू, सांग. त्यात रादिशाने काल निघताना फाटकापाशी हळूच सांगितलं, की तू रोज त्याला विचारतेस, रुमेनाच्या गालावर काही उठलंय का, तिचे सांधे दुखतात का. म्हणजे पेर्साचं कुलूप नुसतं निमित्त. तुला माझं मूत्रपिंड माझ्यापाशीच राहायला हवंय.

म्हणूनच हे लिहायला बसले. आज सकाळी मी बाईंना हो सांगून आले. धीट आहे म्हणून नाही. आता तुझ्या होकाराशिवाय काही होणार नाही. तू नाही म्हणालीस तर लोक म्हणतील, रुमेनाने तिच्या परीने केलं, आणि मला हायसं वाटेल, विदा. त्या हायसं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. माझी काळजी करू नकोस, असं मी म्हणणार नाही. हवी तेवढी कर. पण हो म्हण, आणि लवकर म्हण, मी अजून हो म्हणतेय तोवर.

अजूनही तुझीच,
रुमेना