पडद्यावरची बाई आणि माझी पालघरची बदली

४ मे
बदलीचा मार्ग सापडला! साहेबांना पाण्यावर कार्टून फिल्म हवी आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक बाई असते, तिला मराठीत बोलून सांगितलं की ती तसं करते. बोलण्यात माझा हात कोण धरणार? अकरा वर्षं मोखाड्यात खोलीवर काढली. प्राजक्ता यंदा दहावीला. फिल्म गाजली की जूनपासून पालघरला, बायको-लेकीजवळ.

५ मे, सकाळी ११
बाईला स्पष्ट सांगितलं, पाणीपुरवठ्याबाबत उचित कार्यवाही करावी. तिने हात जोडले. संस्कारी वाटली.

५ मे, दुपारी ४
'तात्काळ' घालून पाहिलं. पुन्हा नमस्कार. हिला ऑफिसच्या कामाची सवय दिसत नाही.

७ मे
भाषा सोपी केली. विहिरीवरून पाणी आणावे. बाईने हंडा सुटकेससारखा हातात धरला आणि विहिरीच्या कठड्यातून आरपार गेली. साहेबांना कळवलं, ऐंशी टक्के काम झालंय.

८ मे
आमची शिपाई हिरी, सूर्यमाळची. मागे उभी राहून हसत होती. म्हणाली, असा नाय नेत सायेब हंडा, तिला धड सांगा तरी. मी म्हटलं, टेक्निकल विषय आहे, तू चहा आण.

११ मे
साहेब उद्या बघणार. बाई अजून कठड्यात. डोकं दुखलं म्हणून जरा टेबलावर टेकलो, तर हिरीने माइक घेतला. खाली बस बाय. डोक्यावर चुंबळ ठेव. हंडा दोन्ही हातांनी उचलून वर ठेव. आता गुडघ्यातून उठ, मान हलवू नको. बाई उठून चालायला लागली. थेंब सांडला नाही! सर्व माझ्या मार्गदर्शनाखाली.

१२ मे
साहेब खूश. कोणी केलं, विचारलं. मी म्हटलं, आम्ही. मग म्हणाले, तिला परत विहिरीकडे पाठवा बघू. मी बोललो. बाईने हात जोडले.

१९ मे
पालघरची ऑर्डर आली. हिरीची. उरलेल्या फिल्म करायला, सहा महिने. साहेब म्हणाले, ती गेली, आता तुम्हीही गेलात तर ऑफिस कोण उघडणार? फार वाईट वाटलं. जेवलो नाही. पण तिथे तिला जमणार नाही. आठवड्यात मलाच बोलावतील.

१८ जून
हिरीला तिकडे खोली मिळेना, म्हणून बायकोने आमच्याकडेच ठेवून घेतलंय. प्राजक्ताचा फोन आला. हिरीमावशी रोज पाचला अभ्यासाला उठवते, नागलीची भाकर मस्त करते. मी विचारलं, बाबांची आठवण येते का? म्हणाली, येते ना, पण रविवारी येणार असाल तर आधी कळवा, झोपायला जागा नाही.